एक्सेलमधल्या ‘त्या’ पर्यायामागचा बुधचा माणूस

बीबीए, एमबीएवाल्यांनो, मार्केट रिसर्चचा प्रोजेक्ट करताना दोन वेगळ्या गटांवर टी-टेस्ट लावायची वेळ आली की एक्सेल दोन पर्याय दाखवतं. इक्वल व्हेरिअन्सेस आणि अनइक्वल व्हेरिअन्सेस. बहुतेक जण पहिल्यावर क्लिक करून मोकळे होतात (मीही केलंय, लपवत नाही). पण समजा, हिंगोलीतली पोरं मोबाईलवर महिन्याला 180 ते 220 रुपये घालवतात आणि सेनगावातली 50 ते 600. दोन्हीकडची सरासरी तुम्ही ताडून बघणार, पण एकीकडे आकडे चिकटून बसलेत आणि दुसरीकडे पार पांगलेत. साधी टी-टेस्ट दोन्ही गटांतला पसारा सारखाच धरून चालते. तो सारखा नसेल तर?

हा प्रश्न 1929 मध्ये बेरेन्स नावाच्या जर्मन माणसाने हाताळला, फिशरने तो पुढे नेला. पण उत्तर वापरायचं तर तक्ते लागतात, आणि तेव्हा कॉम्प्युटर कुठला! 1938 मध्ये ते तक्ते करून छापले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. आज सॉफ्टवेअर वेल्चची पद्धत वापरतं, प्रश्न मात्र तोच आहे.

सुखात्मे 1911 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसनमधून 1932 ला गणित घेऊन पदवीधर झाले आणि थेट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे फिशर आणि नेमन एकाच इमारतीत बसायचे, आणि दोघांचं जाम वाजलेलं. आपल्या गड्याने नेमनकडे सॅम्पलिंगचं काम केलं आणि तक्ते फिशरच्या चाचणीचे केले! 1936 ला पीएचडी, वय जेमतेम 25.

परत आल्यावर 1940 पासून ते दिल्लीत शेती संशोधन परिषदेत. देशात धान्य पिकतं किती, हे तोवर बरंचसं नजरअंदाजाने ठरायचं. सुखात्म्यांनी पीक कापणीचा प्रयोग पद्धतशीर बसवला. चिठ्ठी टाकल्यासारखं शेत निवडायचं, त्यात तुकडा आखायचा, तेवढंच कापून मळून वजन करायचं. तुकडा केवढा असावा यावरून मात्र त्यांचा महालनोबिसांशी वाद पेटला. महालनोबिसांचा भर लहान तुकड्यांवर. सुखात्म्यांनी प्रयोगातून दाखवलं, की तुकडा फार लहान असला तर कापणारा माणूस कडेवरचं झाड हमखास आत धरतो आणि उत्पन्न फुगतं. मोठ्या तुकड्यात ही कडेची चूक किरकोळ ठरते.

आपल्याकडे हे पुस्तकी नाही राहत. पीक विमा योजनेत मंडळातलं सोयाबीनचं सरासरी उत्पन्न काढताना कापणी प्रयोगांचा आधार घेतात. उत्पन्न उंबरठ्याखाली आलं तरच त्यावरची भरपाई मिळते. म्हणजे दोरीच्या आत चार झाडं जास्त आली, तर वजन वाढतं आणि शेतकऱ्याचा हात रिकामा राहतो.

1951 नंतर जवळपास दोन दशकं ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख. जगात दोन तृतीयांश माणसं उपाशी, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. सुखात्म्यांनी 1961 मध्ये हिशेब मांडला की पोटभर न मिळणारे 10 ते 15 टक्के आहेत. निकस खाणारे त्याहून कितीतरी जास्त.

1971 ला पद्मभूषण मिळालं. मग पुण्यात नवा वाद. दांडेकर आणि रथ यांनी गरिबीची रेषा 2250 कॅलरींवर आखली होती. सुखात्म्यांचा आक्षेप साधा होता. तो आकडा सरासरी गरजेचा आहे. धडधाकट माणसांतही निम्म्यांची गरज सरासरीपेक्षा कमीच असणार, मग ते सगळे उपाशी कसे? चपलेचा सरासरी नंबर आठ निघाला म्हणून सहा नंबरवाल्याचा पाय खुरटलेला ठरत नाही. रेषा आखायचीच तर सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून आखा, असं त्यांचं म्हणणं.

इथवर मला पटतं. पण पुढे त्यांनी एकाच माणसाचं शरीर कमी-जास्त आहाराशी जुळवून घेतं असाही सिद्धांत मांडला आणि आहारतज्ज्ञ तुटून पडले. रेषा खाली सरकली की कागदावरचे गरीब कमी होतात, त्याचा फायदा सरकार उचलणार, ही भीती खोटी नव्हती. दांडेकरही पुण्यातलेच. दोघांची जुगलबंदी चांगलीच रंगली.

सुखात्मे 1997 च्या जानेवारीत पुण्यात गेले. सांख्यिकीतल्या आयुष्यभराच्या कामासाठी केंद्र सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. तो ज्या सांख्यिकी दिनाला दिला गेलाय, तो 29 जूनला असतो. म्हणजे महालनोबिसांच्या वाढदिवशी!