दर्पणकारांची चुंबकसुई

6 जानेवारीला पत्रकार दिन असतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार पडतो, कारण 1832 मध्ये याच तारखेला त्यांनी ‘दर्पण’ काढलं. स्पर्धा परीक्षेच्या गाइडमुळे एवढं आपल्याला पाठ असतं. पण हा माणूस मुळात गणिताचा मास्तर होता, हे कोणी सांगतं का?

जन्म 1812 चा, पोंभुर्ल्याचा. गाव आज सिंधुदुर्गात आहे, पण 1981 पर्यंत ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं, तेव्हा हक्क सांगायला हरकत नाही. शिकायला मुंबईला गेले आणि ऐन तारुण्यातच एल्फिन्स्टनमध्ये गणित नि खगोल शिकवू लागले. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी.

तेव्हा फिजिक्समध्ये काय धमाल चालली होती बघा. 1820 मध्ये ओर्स्टेडने तारेतून वीज सोडली आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली. ‘दर्पण’ निघायच्या काही महिने आधी फॅरेडेने उलटं करून दाखवलं : चुंबक हलवा, तारेत वीज येते. पण पृथ्वीसुद्धा चुंबकच, मग तिचं चुंबकत्व सारखं का बदलतं? जर्मनीत गाउसने ते मोजायची युक्ती काढली. धाग्याला टांगलेलं चुंबक, त्याला आरसा, आणि त्या आरशात दिसणारी मोजपट्टी लांबून दुर्बिणीने वाचायची. चुंबक केसभर फिरलं तरी आकडा बदलतो. मात्र एका गावात मोजून भागत नाही, जगभर केंद्रं हवीत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ही मोजणी 1841 मध्ये सुरू झाली. प्रमुख होते प्रोफेसर ऑर्लिबार. पुढे काही काळ वेधशाळेची सूत्रं बाळशास्त्रींकडे आली.

काम मात्र कंटाळवाणं. ठरलेल्या दिवशी चोवीस तास, दर काही मिनिटांनी आकडा टिपायचा. जवळपास लोखंड नको, खिशात चाव्यांचा जुडगासुद्धा नको. आपल्याला प्रॅक्टिकलची दहा रीडिंग्ज घेताना जांभया येतात! या कामावर बाळशास्त्रींचा शिष्य केरू छत्रे होता, कोवळ्या वयाचा पोरगा. पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच.

मे 1846 मध्ये बाळशास्त्री गेले. वय अवघं 34. वीज आणि चुंबकत्व एकाच सिद्धांतात बसवणारा मॅक्सवेल तेव्हा चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. त्याची समीकरणं आली 1865 मध्ये. बाळशास्त्री जगले असते तर ती त्यांना 53 व्या वर्षी वाचायला मिळाली असती, आणि त्यांनी ती मराठीत समजावली असती असं मला तरी वाटतं.

कुलाब्याची मोजणी पुढे विजेनेच हुसकावली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने सुया भरकटणार, म्हणून 1904 मध्ये नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. इमारतीत लोखंडाचा खिळाही चालणार नव्हता. तिथे चुंबकत्वाची नोंद अजून होते.