मातीचे उसने बळ

उत्तर सायबेरियात किंवा अलास्कात हिवाळ्यातली जमीन कुदळीला दाद देत नाही. तिच्यावर घर बांधावे, रस्ता न्यावा, असा विश्वास वाटावा इतकी ती कठीण असते. परंतु वर बांधलेल्या घराचीच ऊब खाली उतरली की तीच जमीन चिखल होते आणि घराला घेऊन खचते. मातीचे बळ तिचे स्वतःचे किती आणि तिच्या छिद्रांतील पाण्याच्या अवस्थेवर अवलंबून किती, हा विचार ज्यांनी शास्त्राच्या पायावर उभा केला, त्या कार्ल तेर्झागी यांचे चरित्र म्हणूनच आजही उद्बोधक ठरते.

तेर्झागींचा जन्म 1883 साली प्राग येथे एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी झाला. ग्राझ येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, पण त्यांचे मन रमले ते भूशास्त्रात आणि बांधकामात. पोलादाचे गणित अभियंत्यांना ठाऊक होते. पाया ज्या मातीवर उभा राहायचा, तिच्याविषयी मात्र बरेचसे अंदाजावरच चाले. 1916 मध्ये ते इस्तंबूलला अध्यापक म्हणून गेले. महायुद्धानंतर तेथील रॉबर्ट कॉलेजात साधनांची वानवा असताना सिगारची खोकी आणि टाकाऊ वस्तू जमवून त्यांनी प्रयोग केले. त्यांतून 1925 साली त्यांचा मृदायांत्रिकीवरील ग्रंथ सिद्ध झाला. संपूर्ण भिजलेल्या मातीवरील भारापैकी काही भाग छिद्रांतील पाणी पेलते. तो वजा जाता उरलेला दाबच मातीचे बळ ठरवतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय.

1938 मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि 1952 साली त्यांनी सदैव गोठलेल्या भूमीवर स्वतंत्र निबंध लिहिला. या क्षेत्रात सोविएत शास्त्रज्ञ निकोलाय त्सितोविच आदींनी मोलाची भर घातली. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते. अर्धवट भिजलेल्या मातीत हवेमुळे या बर्फाला जागा मिळते आणि तो सिमेंटप्रमाणे कण सांधतो. ओलावा फारच थोडा असेल तर हा सांधा दुबळा राहतो. अगदी कोरड्या वाळूला थंडीने बळ येत नाही. शिवाय शून्य अंशाखालीही कणांभोवती पाण्याचा पातळ थर द्रवरूपात टिकून असतो. तापमान उतरते तसा तो आटतो आणि बळ वाढते. म्हणजे उणे एक अंशाची जमीन आणि उणे दहा अंशांची जमीन डोळ्यांना सारखीच दिसली, तरी त्यांची ताकद सारखी नसते.

1963 साली तेर्झागी निवर्तले. आज पृथ्वीचे तापमान वाढत असून, सदैव गोठलेली मानलेली भूमीही शून्याच्या जवळ सरकू लागली आहे. ती प्रत्यक्ष वितळण्यापूर्वीच तिचे बळ घटू लागते. दिसणाऱ्या कठीणपणावर न विसंबता मोजमाप करावे, हा या शास्त्रज्ञाच्या आयुष्याचा धडा तेथील लाखो रहिवाशांच्या घरादाराशी निगडित आहे.