डॉ. होमी भाभा

जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड तबकड्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांच्या परिचयाच्या आहेत. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. त्या उभारणारी टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी स्थापन केली. ताऱ्यांच्या या लहरी निरुपद्रवी असतात. परंतु भाभांना ज्या किरणांशी गाठ घालावी लागली, ते घातक होते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. केंब्रिज येथे त्यांनी विद्या संपादन केली. रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्यूरी १९३४ साली किरणोत्सर्गाने जडलेल्या रक्तविकारानेच मृत्यू पावल्या होत्या. हे किरण दिसत नाहीत, त्यांचा स्पर्शही जाणवत नाही. मग मनुष्याने सावध तरी कसे व्हावे?

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन खोल हौदातील पाण्यात बुडालेले असे. ते पाणीच किरणांना अडवी. किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर फिल्म बसविलेला बिल्ला असे. किरण जितके अधिक लागत, तितकी ती फिल्म धुतल्यावर काळी दिसे. अदृश्य शत्रूची ही नोंदवहीच म्हणावयाची!

एवढ्यावर भाभा थांबले नाहीत. किरणोत्सारी द्रव्ये हाताळताना कर्मचाऱ्यांनाच काय, पण अन्य कोणालाही इजा होता कामा नये, आणि ती रीत इतरांना कित्ता ठरावी, असा आदेश त्यांनी १९६० साली काढला. देशाला अणुशक्ती त्वरेने हवी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आदेशाचे मोल कळते.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात झालेल्या विमान अपघातात भाभांचा अंत झाला. पुढील वर्षी ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.