विद्येचा यात्रिक

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या दाराशी दगडात कोरलेले दोन हत्ती आहेत. इसवी सनाच्या सातव्या शतकात एका चिनी प्रवाशाने महाराष्ट्राविषयी लिहिताना डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराचे आणि त्याच्या दारातील दगडी हत्तींचे वर्णन केले आहे. हा विहार अजिंठ्याचाच असावा, असे विद्वान मानतात. हा प्रवासी म्हणजे ह्यूएनत्संग. तो भारतात आला होता, तो मात्र विद्यार्थी म्हणून.

ह्यूएनत्संगाचा जन्म चीनमध्ये इ. स. 602 च्या सुमारास झाला. बालवयातच तो बौद्ध मठात दाखल झाला. धर्मग्रंथांची चिनी भाषांतरे वाचताना त्याला जागोजागी उणिवा आढळत. गुरूंना विचारावे, तर त्यांच्यातही एकमत नसे. तेव्हा भारतात जाऊन मूळ ग्रंथच अभ्यासावे, असा त्याने निश्चय केला.

त्या काळी चीनच्या सीमेबाहेर जाण्यास मनाई होती. इ. स. 629 च्या सुमारास तो गुप्तपणे निघाला. वाळवंटात त्याची पाण्याची पखाल सांडली. पाण्यासाठी तो मागे वळला. पण भारत गाठल्यावाचून पूर्वेकडे पाऊल टाकायचे नाही, ही आपली प्रतिज्ञा आठवताच तो पुन्हा पश्चिमेकडे चालू लागला. पुढे काओचांगच्या राजाने त्याला आपल्याजवळ ठेवून घेण्याचा हट्ट धरला. ह्यूएनत्संगाने तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केले. अखेर राजा नमला. त्याने वीस वर्षे पुरेल एवढे द्रव्य आणि वाटेतील राजांसाठी पत्रे दिली. ही जणू त्याची शिष्यवृत्तीच होती!

नालंदा येथे वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. राजांनी दान दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून तेथील विद्यार्थ्यांचा योगक्षेम चाले. ह्यूएनत्संगालाही रोज उत्तम तांदूळ व फळे मिळत. पोटाची चिंता नसल्यामुळे तो अहोरात्र अध्ययनात मग्न राही. पुढे दक्षिणेचा प्रवास करीत तो दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. येथील लोक उपकार न विसरणारे आणि अपमान सहन न करणारे आहेत, असे त्याने नोंदवून ठेवले.

तो स्वदेशी निघाला, तेव्हा नालंदेच्या भिक्षूंनी त्याला राहण्याचा आग्रह केला. येथे मान होता, स्नेह होता आणि विद्याही होती. परंतु मिळालेली विद्या आपल्या बांधवांपर्यंत पोहोचली नाही, तर ती व्यर्थ होय, असे त्याला वाटले. शीलभद्रांनी प्रसन्न मनाने त्याला निरोप दिला. सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या वाहून गेल्या, तरीही इ. स. 645 मध्ये तो 657 ग्रंथ घेऊन चीनच्या राजधानीत पोहोचला. सम्राटाने देऊ केलेले अधिकारपद त्याने नम्रपणे नाकारले. हरवलेल्या पोथ्यांची यादी त्याने पुढे भारतातील मित्रांना पत्राने कळवली. इ. स. 664 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने सुमारे 75 ग्रंथांचे भाषांतर केले.

कालांतराने नालंदा उद्ध्वस्त झाली आणि अजिंठ्याची लेणी झाडीत लपून गेली. इ. स. 1819 मध्ये ती लेणी पुन्हा जगापुढे आली. नालंदेचे अवशेष ओळखताना संशोधकांना याच प्रवाशाच्या लेखनाचे साहाय्य झाले. ज्या भूमीने त्याला विद्या दिली, तिचे ऋण त्याने अशा रीतीने फेडले.