मुहम्मद बिन मूसा ख्वारिज्मी : हिशेबातून हक्काकडे

अब्बासी खलीफा मन्सूर यांनी इ. स. ७६२ मध्ये दजला नदीच्या काठी बगदाद नगरीची पायाभरणी केली. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी मुहम्मद बिन मूसा यांचा जन्म झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेकडील ख्वारिज्म प्रांताशी नाते असल्याने जग त्यांना ख्वारिज्मी या नावाने ओळखते. त्यांच्या कर्तृत्वाचा काळ बगदादमध्येच गेला. खलीफा मामून यांच्या कारकिर्दीत (इ. स. ८१३ ते ८३३) तेथील ‘बैतुल हिकमा’ या ज्ञानगृहाशी ते निगडित होते. ग्रीक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांतील ज्ञान त्या काळी अरबीत उतरत होते.

ज्ञान कोठून आले यापेक्षा ते खरे आहे की नाही, हे ख्वारिज्मी पाहत. भारतातून बगदादला पोहोचलेल्या सिद्धान्तग्रंथाच्या आधारे त्यांनी ग्रहगतीची कोष्टके रचली. शून्यासह दहा भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्या अंकांचे श्रेय उघडपणे भारतीयांना दिले. पृथ्वीवरील नगरे, पर्वत व नद्या यांची स्थाने नोंदवणारा भूगोलग्रंथही त्यांच्या नावावर आहे.

परंतु त्यांचे नाव अजरामर केले ते ‘अल्-जब्र वल्-मुकाबला’ या ग्रंथाने. मामून यांच्या प्रोत्साहनाने तो लिहिला गेला. अल्लाहच्या स्तुतीने आरंभ करून प्रस्तावनेत त्यांनी आपला हेतू सांगितला आहे : वारसा, वसीयत, वाटणी, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई या कामांत लोकांना जे गणित लागते, ते सोपे करून देणे. विद्वानांनी हे पुस्तक वाचून मान डोलवावी एवढ्यासाठी ते लिहिलेले नव्हते.

‘जब्र’ म्हणजे तुटलेले सांधणे. वजा असलेले पद दुसऱ्या बाजूला मिळवून समीकरण पूर्ववत करणे, हा येथील अर्थ. ‘मुकाबला’ म्हणजे दोन्ही बाजूंची सारखी पदे समोरासमोर ठेवून त्यांचा छेद उडवणे. या दोन क्रियांनी ख्वारिज्मींनी अज्ञात संख्या, तिचा वर्ग आणि साधी संख्या यांच्या सर्व समीकरणांचे सहा प्रकार ठरवले व प्रत्येकाचा नियम दिला. चिन्ह एकही नाही. सारे काही शब्दांत.

त्यांचे प्रसिद्ध उदाहरण पाहा. एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून ३९ होतात. ती संख्या कोणती? दहाचे अर्धे ५, त्याचा वर्ग २५. तो ३९ मध्ये मिळवला की ६४. त्याचे वर्गमूळ ८. त्यातून ५ वजा केले की उत्तर ३. नियम सांगून ते थांबले नाहीत. तो का बरोबर आहे हे आकृतीने दाखवले. अज्ञात बाजूचा एक चौरस काढा. त्याच्या लगतच्या दोन बाजूंना पाच-पाच रुंदीचे आयत जोडा. या साऱ्याचे क्षेत्रफळ ३९. मात्र एक कोपरा रिकामा राहतो, पाच बाय पाचचा. तो भरला की ६४ क्षेत्रफळाचा पूर्ण चौरस तयार होतो.

दहावीच्या पुस्तकातील ‘पूर्ण वर्ग पद्धत’ ती हीच, आणि वर्गसमीकरणाचे सूत्रही तिच्यातूनच निघते. आजच्या सूत्राने ३ बरोबर उणे १३ हेही उत्तर येते; ख्वारिज्मी केवळ धन उत्तर स्वीकारत. वर्ग आणि २१ मिळून संख्येची दहापट होते, या प्रश्नाला मात्र त्यांनी ३ आणि ७ अशी दोन्ही उत्तरे दिली आहेत. अशा प्रकारच्या प्रश्नात अर्ध्याचा वर्ग दिलेल्या संख्येहून लहान असेल, तर उत्तर नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. वर्गसमीकरणाचे नियम त्यांच्याआधी भारतात ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये दिले होते. ख्वारिज्मींचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी या साऱ्याला सिद्धतेसह एका स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले.

ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग वारसा व वसीयतीच्या प्रश्नांनी व्यापलेला आहे. एक स्त्री मृत्यू पावते. मागे पती, एक मुलगा व तीन मुली आहेत, आणि तिने एका परक्या व्यक्तीला मालमत्तेचा आठवा व सातवा हिस्सा मिळून जे होईल ते देण्याची वसीयत केली आहे. वसीयत एक तृतीयांशाच्या आत असल्याने ती प्रथम द्यावयाची. उरलेल्यातून पतीला चौथा हिस्सा, आणि बाकी मुलांमध्ये, मुलाला मुलीच्या दुप्पट. मालमत्तेचे ११२० भाग केले की परक्याला ३००, पतीला २०५, मुलाला २४६ आणि प्रत्येक मुलीला १२३ भाग मिळतात. कोणाचाही अंश बुडत नाही.

इ. स. ८५०च्या सुमारास ख्वारिज्मी निवर्तले. ११४५ मध्ये स्पेनमधील सेगोविया येथे त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले. ‘अल्-जब्र’वरून ‘अल्जिब्रा’ आणि त्यांच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हे शब्द जगभर रूढ झाले.

आपल्या घरांत त्यांचे स्मरण करायचे, तर दोन कामांनी करावे. मुलगा वा मुलगी वर्गसमीकरणाला घाबरत असेल, तर तो कोपरा भरण्याची आकृती कागदावर काढून दाखवावी. आणि वडिलांच्या पश्चात बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवण्याआधी त्या १२३ भागांचा विचार करावा. तिचा हिस्सा भावाच्या औदार्याने मिळत नाही; तो अल्लाहने ठरवलेला आहे. आपल्याकडे उरते ते फक्त बरोबर मोजून देण्याचे काम.