गोदाराणी

आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक सोलापुरात आहेत, त्यांनी गोदूताई परुळेकर वसाहतीचं नाव ऐकलं असेल. कुंभारी गावाजवळ विडी वळणाऱ्या बायकांनी लढून मिळवलेली १०,००० घरं आहेत ती. पण ज्यांचं नाव या वसाहतीला दिलंय, त्या बाई सोलापूरच्या नव्हत्या. विडी कामगारही नव्हत्या.

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. वडील नामवंत वकील, घरात पुस्तकं आणि प्रतिष्ठा, दोन्ही भरपूर. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन त्या कायदा शिकल्या. कायद्याची पदवी मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, ते वडिलांना रुचलं नाही. मग घर सोडून मुंबई गाठली. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या. साक्षरतेचे वर्ग घेतले, घरकामगारांची संघटना बांधली. १९३९ मध्ये तिथलेच सहकारी शामराव परुळेकर यांच्याशी लग्न केलं. पुढे दोघंही समाजातून बाहेर पडली आणि कम्युनिस्ट झाली. युद्धविरोधी प्रचारासाठी पुन्हा तुरुंगवास आला.

सुटून आल्यावर शेतकरी सभेच्या कामासाठी त्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागात गेल्या. तिथल्या वारल्यांच्या जमिनी कर्जापायी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या, आणि त्याच जमिनीवर ते मजूर म्हणून राबत होते. आधी मालकाच्या शेतावर फुकट वेठ, मग वेळ उरला तर स्वतःचं काम. लग्नासाठी थोडे पैसे उचलले की माणूस ‘लग्नगडी’ व्हायचा. कर्ज फिटायचं नाही, आणि नवऱ्याबरोबर बायकोही मालकाची व्हायची. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात ही वेठ लिहून ठेवली होती. सरकारला माहीत होतं, तरी चालू होतं.

पांढरपेशा माणूस दिसला की वारली बिचकायचे. त्यांनी पाहिलेले पांढरपेशे म्हणजे सावकार, नाहीतर सरकारी अंमलदार. म्हणून बाईंनी भाषणाआधी पाड्यांवर राहायला सुरुवात केली. पायी फिरायच्या, झोपडीत भुईवर झोपायच्या, त्यांच्या घरात असेल ते खायच्या. वारली त्यांना ‘गोदाराणी’ म्हणू लागले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या शेतकरी परिषदेला मूठभर वारली आले होते. मे महिन्यात झरी गावी हजारो जमले. त्यांनी शपथ घेतली: वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत वेठ मोडली, लग्नगडी मोकळे झाले. हे काम कुठल्या कायद्याने केलं नाही, त्यांच्या नकाराने केलं.

त्याची किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप सुरू होता. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये, एवढीच मागणी होती. बाईंच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी हूल उठवली गेली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला वारली धावून आले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. बाई पुढे परत आल्या, त्या कायमच्याच. १९६५ मध्ये शामराव तुरुंगातच वारले, तरी त्यांनी काम सोडलं नाही.

हा सगळा अनुभव त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या गेल्या.

मी चर्चच्या अंगणात वाढलेली मुलगी. एका कम्युनिस्ट बाईचं चरित्र लिहायला घेतलं, तेव्हा घरी भुवया उंचावल्याच. पण वाचताना मला आपलं हल्याळ-यल्लापूर आठवत राहिलं. धारवाडपासून दीड-दोन तासांवर सिद्दी राहतात. पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्यातले कितीतरी आज दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करतात. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्यातले काही कॅथलिक आहेत, आपल्याबरोबर मिस्साला उभे राहतात.

दर नाताळला आम्ही तिथे कपडे आणि केक घेऊन जातो. गाणी म्हणतो, फोटो काढतो आणि अंधार पडायच्या आत परततो. त्यांना रोजची मजुरी किती मिळते, हे मी अजून एकदाही विचारलेलं नाही. त्यांच्या घरात बसून पेजसुद्धा प्यायलेली नाही.

यंदाच्या नाताळला मी केक नेणार नाही. राहायला जाणार आहे.