चाँदबीबी सुलताना आणि अहमदनगरचा वेढा

इंदिरानगरातून असो की जुन्या नाशकातून, सिन्नर-संगमनेरमार्गे अहमदनगरला जाणाऱ्या कुटुंबांना तेथे गेल्यावर एक ठिकाण हमखास दाखवले जाते. शहराच्या पूर्वेला डोंगरावर एक अष्टकोनी, तिमजली वास्तू उभी आहे आणि तिला सारेजण चाँदबीबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती मुर्तझा निजामशाहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चाँदबीबींची खरी जागा शहरालगतचा भुईकोट किल्ला होय. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ नंतर ज्या किल्ल्यात बंदिवासात होते आणि जेथे त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली, तोच हा किल्ला. त्याच्या तटावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका स्त्रीने जे केले त्याची हकीकत आपल्या मुलामुलींना नीट माहीत असायला हवी. कारण तिच्या नावाभोवती दंतकथाच अधिक आहेत.

चाँदबीबी ही हुसेन निजामशाहाची कन्या. तिचा जन्म १५५० च्या सुमारास झाला. आई खुंझा हुमायूं ही मोठी करारी बाई होती. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन मुर्तझाच्या वतीने तिने काही वर्षे राज्यकारभार पाहिला आणि अखेर त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. सत्ता दुसऱ्याच्या नावाने सांभाळणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय येऊ शकते, याचा हा धडा चाँदबीबींच्या घरातच होता. त्यांना फारसी व अरबीबरोबरच मराठी आणि कानडीही येत असे. घोडेस्वारीत त्या निष्णात होत्या आणि फुलांची चित्रे काढण्याचा त्यांना छंद होता.

विजापूरच्या अली आदिलशाहाशी त्यांचा विवाह झाला तो राजकारणाचा भाग म्हणून. सोलापूरचा किल्ला त्या विवाहात आंदण गेला, अलीची बहीण मुर्तझाला दिली गेली, आणि या सोयरिकीवर उभ्या राहिलेल्या एकीतून जानेवारी १५६५ ची तालिकोटची लढाई लढली गेली. विवाह सोयीचा असला तरी पतिपत्नींचे चांगले जमले. अली आदिलशाहाबरोबर त्या स्वारीवर जात, दरबारातील कामे समजून घेत. त्यांना मूल झाले नाही. १५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला आणि गादीवर त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम आला. त्याचे संगोपन व शिक्षण चाँदबीबींकडे सोपवण्यात आले.

येथून त्यांचे खरे आयुष्य सुरू झाले असे म्हणावे लागेल. इस्लाममध्ये अनाथाचा सांभाळ आणि अमानतीची राखण यांना किती महत्त्व आहे हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. चाँदबीबींकडे आलेली अमानत मात्र एका मुलापुरती नव्हती. तिच्यासोबत एक राज्य होते आणि त्या राज्याकडे डोळा ठेवून बसलेले सरदार होते. कारभारी कामिलखान उर्मट निघाला, त्याला दूर करण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या किश्वरखानाने तर चाँदबीबींनाच पकडून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. लोकांना ते सहन झाले नाही. किश्वरखानाला राजधानीतून पळ काढावा लागला आणि चाँदबीबी सन्मानाने परतल्या. पुढे हबशी सरदारांची आपसात झुंज लागली आणि ती संधी साधून अहमदनगर व गोवळकोंड्याच्या फौजा विजापूरच्या वेशीवर येऊन ठाकल्या. अहमदनगर म्हणजे चाँदबीबींचे माहेर. तरीही त्या विजापूरच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या. शाह ताहिरचा पुत्र अबुल हसन याला पुढे करून त्यांनी सरदारांचे मन वळवले, मराठा घोडेस्वारांनी शत्रूची रसद तोडली आणि वेढा उठला. वेढ्याच्या आतली माणसे कशी सांभाळावीत याची ही त्यांची पहिली परीक्षा होती.

काही वर्षे गेली. १५८४ च्या सुमारास इब्राहीमच्या बहिणीचे लग्न अहमदनगरच्या राजपुत्राशी झाले. तिच्यासोबत चाँदबीबी माहेरी आल्या. परंतु माहेर तरी कसले उरले होते! १५८८ ते १५९५ या सात वर्षांत निजामशाहीची गादी पाच वेळा रिकामी झाली. मुर्तझाला त्याच्या मुलाने मारले, त्या मुलाला दरबाऱ्यांनी मारले, आणि पुढची नावे सांगण्यात अर्थ नाही. शेवटचा इब्राहीम निजामशाह १५९५ मध्ये विजापूरकरांशी लढताना पडला, तेव्हा एकाच वेळी चार वारसदार उभे झाले. मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा शाही वंशातला म्हणून गादीवर बसवला. इखलासखान हबशीने मोती नावाचा दुसरा मुलगा शोधला. अभंगखान हबशी वयोवृद्ध शाह अलीच्या बाजूला होता. मृत सुलतानाचा खरा मुलगा बहादूर अगदी लहान होता आणि मंजूने त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात डांबले होते. चाँदबीबी या मुलाच्या पाठीशी होत्या.

हबशी सरदारांनी कोंडीत धरल्यावर मियाँ मंजूने जे केले ते दख्खनला फार महागात पडले. त्याने अकबर बादशाहाचा मुलगा मुराद याला गुजरातहून मदतीला बोलावले. मुराद निघालाच, त्याच्यासोबत खानखानान अब्दुर्रहीम आणि खानदेशचा राजा अलीखान होता. दरम्यान मंजूने आपल्या प्रतिस्पर्ध्यांना हरवले आणि मग त्याला पश्चात्ताप झाला. किल्ला अन्सारखान नावाच्या आपल्या माणसाच्या हवाली करून तो विजापूरकरांची मदत मिळवण्यास निघून गेला. डिसेंबर १५९५ मध्ये मोगल फौज अहमदनगरसमोर उतरली.

अन्सारखानाला चाँदबीबींनी ठार करवले आणि चावंडच्या कैदेतील बहादूरच्या नावाची द्वाही फिरवली. हे कृत्य गोड शब्दांत झाकण्याचे कारण नाही. त्या काळच्या राजकारणात रक्त स्वस्त होते आणि चाँदबीबीही त्याच काळातल्या होत्या. एवढे मात्र खरे की त्यांनी किल्ला स्वतःच्या नावाने घेतला नाही. विजापुरात इब्राहीमसाठी, अहमदनगरात बहादूरसाठी. दोन्ही वेळा दुसऱ्याच्या लेकराची गादी राखली.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. हा वेढा कोणत्या धर्माने कोणत्या धर्माला घातलेला नव्हता. तटाच्या आत अजान होत होती आणि बाहेरच्या छावणीतही होत होती. मुरादने शहरातील रहिवाशांना अभय दिले होते, पण शाहबाजखान कंबू या सरदाराच्या सैनिकांनी ते अभय धाब्यावर बसवून गरिबांची घरे लुटली. लोक शहर सोडून गेले. दिलेला शब्द पाळला न जाण्याचा परिणाम मोगलांनाच भोगावा लागला. कारण त्यानंतर आतल्या माणसांचा त्यांच्या कौलावर विश्वास उरला नाही.

किल्ला मोठा नव्हता. घेर सुमारे एका मैलाचा, भोवती खोल व रुंद खंदक. तट मूळचा मातीचा. तो चिरेबंदी बांधून काढला होता हुसेन निजामशाहाने, म्हणजे चाँदबीबींच्या वडिलांनी. आता त्या तटावर त्यांची मुलगी पहारे लावीत फिरत होती. अभंगखान एका रात्री शाह अलीला घेऊन मोगल छावणी फोडत किल्ल्याकडे धावला. तो स्वतः थोड्या माणसांनिशी आत पोहोचला. वृद्ध शाह अली मात्र माघारी फिरला आणि त्याचे कित्येक सैनिक मारले गेले. ज्या चाँदबीबींचा वारसदार त्याने मानला नव्हता त्यांच्याच हाताखाली अभंगखान आता लढू लागला. वेढ्याच्या दिवसांत असे घडते.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग खणून दारू भरली. बाहेरच्या छावणीतच ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाचा एक सरदार होता. किल्ल्यातील लोकांचा होणारा नाश त्याला पाहवेना. रात्री त्याने सुरुंगांच्या जागा आत कळवल्या. चाँदबीबींनी माणसे लावून आतून जमीन खणवली. दोन सुरुंग सापडले, त्यांतील दारू काढून घेण्यात आली. तिसरा सर्वांत मोठा होता. तो रिकामा करण्याचे काम चालू असतानाच मोगलांनी बत्ती दिली. खणणारी माणसे जागीच गेली आणि सुमारे पन्नास यार्ड लांबीचा तट कोसळला. हा फेब्रुवारी १५९६ चा दिवस.

भगदाड पाहून आतल्या सरदारांपैकी बहुतेकांनी आशा सोडली. चाँदबीबी चिलखत चढवून, चेहऱ्यावर नकाब घेऊन, हातात उघडी तलवार धरून भगदाडात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना तेथे पाहून पळ काढणारे परतले. मोगल लगेच तुटून पडले असते तर काय झाले असते सांगता येत नाही. परंतु मुराद उरलेले सुरुंग उडण्याची वाट पाहत थांबला. ते उडणार नव्हते, कारण त्यांत दारूच नव्हती. त्या छावणीतला मत्सरही आतल्यांच्या उपयोगी पडला: मुराद आणि सादिकखान यांना विजयाचे श्रेय खानखानानाला मिळू द्यायचे नव्हते. मिळालेल्या वेळात भगदाडाच्या तोंडाशी तोफा आणि अग्निबाण आणून ठेवले गेले. दुपारी चौथ्या प्रहरापासून अंधार पडेपर्यंत हल्ल्यावर हल्ले झाले आणि खंदक प्रेतांनी भरत गेला. रात्री मोगल मागे हटले.

त्या रात्री किल्ल्यात कोणी झोपले नाही. चाँदबीबी जागेवरून हलल्या नाहीत. दगड, माती, लाकूड, जे हाती लागेल ते रचून पहाटेपर्यंत भगदाडात पुरुषभर उंचीची नवी भिंत उभी राहिली. दारूगोळा संपल्यावर त्यांनी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी दागिने तोफांत घालून डागले, अशी एक आवडीची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, मला स्वतःला रातोरात उभी राहिलेली ती ओबडधोबड भिंत जास्त मोलाची वाटते. इतिहासकार फरिश्ता, जो आधी अहमदनगरच्या आणि मग विजापूरच्या सेवेत होता, त्याने नोंदवले आहे की आजवर बीबी म्हणवल्या जाणाऱ्या त्यांना त्या दिवसापासून लोक सुलतान म्हणू लागले.

मोगल छावणीत धान्याची टंचाई होती आणि विजापूरचा सेनापती सुहैलखान मदतीला निघाला होता. मुरादने तहाची बोलणी लावली. वऱ्हाड द्यावे, मोगलांनी बहादूरला निजामशाह म्हणून मान्य करावे, अशा अटी होत्या. वऱ्हाड सोडणे चाँदबीबींना जड गेले. परंतु आतली उपासमार आणि तटाची अवस्था त्यांना ठाऊक होती. त्यांनी मान्यता दिली. वेढा उठला. बहादूरला चावंडहून आणून गादीवर बसवण्यात आले. तहानंतर मंजू अहमदला घेऊन परतला तेव्हा इब्राहीम आदिलशाहाने, चाँदबीबींनी वाढवलेल्या त्याच मुलाने, मध्यस्थी करून दोघांना विजापुरात जहागिरी दिल्या आणि भांडण मिटवले.

पुढची चार वर्षे थकवणारी होती. पेशवा नेमलेला मुहम्मदखान सत्ता बळकावू लागला, त्याला हटवावे लागले. गोदावरीकाठी सोनपेठजवळ १५९७ च्या आरंभी दख्खनी फौजांचा पराभव झाला. नवा पेशवा अभंगखान चाँदबीबींना कैद करून बहादूरला ताब्यात घेऊ पाहत होता, म्हणून त्यांना किल्ल्याचे दरवाजे त्याच्यासाठीही बंद करावे लागले. मुराद १५९९ मध्ये मरण पावला आणि त्याचा धाकटा भाऊ दानियाल खानखानानासह चालून आला. घाट अडवायला गेलेला अभंगखान लढाई न देताच जुन्नरकडे निघून गेला.

१६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. चाँदबीबींचे वय पन्नाशीच्या घरात होते. या खेपेस बाहेरून कोणी येणार नव्हते, हे त्यांनी ओळखले. किल्ल्यातील माणसांचे प्राण आणि अब्रू राखण्याची हमी घेऊन किल्ला सोडावा, बहादूरला घेऊन जुन्नरला जावे आणि तेथून राज्य सावरावे, असा विचार त्यांनी केला. लढणे केव्हा थांबवावे हे कळायलाही धैर्य लागते, आणि ज्यांनी भगदाडात उभे राहून दाखवले होते त्यांना या बाबतीत भित्रे ठरवण्याचा अधिकार कोणाला नव्हता. त्यांनी हा बेत किल्ल्यातील एका खोजा अधिकाऱ्यासमोर बोलून दाखवला. कोणी त्याचे नाव हमीदखान देतात, कोणी जीताखान. तो ऐकून घेऊन बाहेर पडला आणि चाँद सुलतान मोगलांना फितूर झाली, अशी ओरड करत किल्लाभर फिरला.

खबर आणणाऱ्याची आणि खबरीची शहानिशा करा, अजाणतेपणी कोणाला इजा पोहोचवून मागाहून पस्तावू नका, हा कुरआनचा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे आणि तो त्या किल्ल्यातल्या प्रत्येकाने ऐकलेला असणार. कोणीही विचारायला थांबले नाही. ज्या सैनिकांनी चार वर्षांपूर्वी त्यांच्या शब्दाखातर भगदाडात प्राण दिले असते, त्यांचाच जमाव महालात घुसला आणि त्यांनी चाँदबीबींना ठार केले.

मोगलांनी पुन्हा सुरुंग लावले. या वेळी ते कोणी शोधून रिकामे केले नाहीत. ऑगस्ट १६०० मध्ये तट उडाला आणि किल्ला पडला. आतल्या बहुतेकांची कत्तल झाली. जी हमी घेऊन चाँदबीबी किल्ला देऊ पाहत होत्या, ती आता मागायला कोणी नव्हते. लहानग्या बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवण्यात आले.

निजामशाही मात्र त्या दिवशी संपली नाही. अभंगखानाच्या पदरी राहिलेला एक हबशी शिपाई, मलिक अंबर, त्याने थोड्याच काळात परांड्याला एका राजपुत्राच्या नावाने गादी पुन्हा मांडली. हा राजपुत्र मुर्तझा त्याच शाह अलीचा मुलगा होता, जो वेढ्याच्या त्या रात्री मोगल छावणीतून माघारी फिरला होता. अंबर मोगलांशी पंचवीस वर्षे झुंजला, आणि ते राज्य १६३६ पर्यंत टिकले.